पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू होते. त्यांचे पूर्ण नाव बाळू बाबाजी पालवणकर. डावखुरे संथ गोलंदाज म्हणून त्यांनी हिंदू संघाकडून आणि १९११ साली इंग्लंडचा दौरा करणाऱ्या पहिल्या अखिल भारतीय संघाकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून येऊन उच्च दर्जाच्या क्रिकेटमध्ये नाव कमावणारे ते पहिले भारतीय खेळाडू समजले जातात. मात्र त्यांच्या कारकिर्दीचा पाया संघातील खेळाडू म्हणून नव्हे, तर पुण्यातील एका क्लबचा पगारी नोकर म्हणून घातला गेला.

घराणे व बालपण

पालवणकर कुटुंब चर्मकार समाजातील असून मूळचे कोकणातील पालवण गावचे. गावाच्या नावावरूनच आडनाव आले. वडिलांच्या लष्कराशी संबंधित नोकरीमुळे कुटुंब पुण्यात राहत होते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी वापरून टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही पुढे नामवंत क्रिकेटपटू झाले.

पगारी गोलंदाज

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरवणे ही त्यांची कामे. सभासदांना हवे तेव्हा चेंडू टाकणे हेही त्यातच आले. वेतन महिना ३ रुपये होते. १८९२च्या सुमारास ते युरोपीय लोकांच्या पूना क्लबात रुजू झाले. तेथे पगार ४ रुपये झाला, पण कामेही वाढली. जाळी उभारणे, खेळपट्टी आखणे आणि टेनिसच्या मैदानावर रेषा मारणे हे सारे त्यांच्याकडे आले.

क्लबातील एका इंग्रज सभासदाने त्यांना जाळीत नियमित गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले. यातून त्यांचा संबंध जॉन ग्लेनी ग्रेग या लष्करी अधिकाऱ्याशी आला. हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळलेले ग्रेग हे त्या काळातील हिंदुस्थानातील सर्वोत्तम युरोपीय फलंदाजांपैकी एक होते. जॉन ग्लेनी या नावाच्या उच्चारावरून त्यांना ‘जंगली’ हे टोपणनाव पडले होते. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते. चार रुपये महिना मिळवणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. आठवड्यातून एकदा जरी ग्रेग बाद झाले, तरी महिन्याचा पगार दीडपट होत असे.

तासन्‌तास गोलंदाजी करूनही पूना क्लबात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कधी आली नाही, असे त्यांच्याविषयी नोंदले गेले आहे. यात केवळ वर्णभेद होता असे म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्येही फलंदाजी हा खानदानी लोकांचा छंद, तर गोलंदाजी हे मोलाने करून घेण्याचे कष्टाचे काम, अशी समजूत होती. तेथील हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेयर’ यांच्यातील वार्षिक सामने १९६२ पर्यंत चालू होते. पुण्यात या वर्गभेदावर जातीचा थर चढला. तरीही एक लाभ निर्विवाद होता. चांगल्या फलंदाजांसमोर रोज एवढी गोलंदाजी करण्याची संधी त्या काळी फारच थोड्या भारतीयांना मिळाली असेल.

हिंदू संघातील प्रवेश

पूना क्लबातील या गोलंदाजाची कीर्ती शहरात पसरली तेव्हा पुण्यातील हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपीय संघाला हरवायचे तर बाळू हवे होते. पण त्यांना घ्यायचे तर सवर्ण खेळाडूंनी त्यांच्यासोबत खेळायला हवे होते. क्लबातील तेलुगू सभासद अनुकूल, तर मराठी ब्राह्मण सभासदांपैकी काही प्रतिकूल होते. याच सुमारास, बाळूंना न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत ग्रेग यांनी जाहीरपणे मांडले. अखेर बाळूंची निवड झाली.

मैदानात इतर खेळाडू ते हाताळत असलेल्या चेंडूलाच हात लावत. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाची ताटवाटी वेगळी असे. सोवळ्याचा नियम सीमारेषेच्या आत थांबवायचा आणि बाहेर पुन्हा चालू करायचा, अशी ही तडजोड होती. साताऱ्याच्या युरोपीय जिमखान्याविरुद्धच्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असा रानडे यांचा सूर होता. पुढे लोकमान्य टिळकांनीही त्यांची प्रशंसा केली.

मुंबई आणि इंग्लंड दौरा

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीय संघावर १०९ धावांनी विजय मिळवला. त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही बंधू होते. या विजयाची चर्चा क्रीडाक्षेत्राबाहेरही झाली.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखालील संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे होते. संघाने २३ पैकी ६ सामने जिंकले, १५ गमावले. अशा दुबळ्या संघात एकट्या बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून १८.८४च्या सरासरीने ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी. लेस्टरशायरवरील विजयात त्यांनी ११ बळी घेतले.

चेंडूला उंची देणे, वेग बदलणे आणि टप्प्यावरील अचूक नियंत्रण ही त्यांची वैशिष्ट्ये होती. इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना होत असे. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १५.२१च्या सरासरीने १७९ बळी मिळवले.

कर्णधारपदाचा वाद

इतकी वर्षे प्रमुख गोलंदाज राहूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी देण्यात आले नाही. १९२० साली या प्रश्नावर शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. पुढे तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल यांना कर्णधारपद मिळाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदू संघाने जिंकली.

राजकारण

निवृत्तीनंतर बाळू दलित नेते म्हणून सार्वजनिक जीवनात वावरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी त्यांना आरंभी आदर होता. परंतु स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीवर दोघांचे मतभेद झाले आणि १९३२च्या राजा-मुंजे कराराला बाळूंनी पाठिंबा दिला. १९३७ साली मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते पडली.