अंतर मिटलं, फी राहिली

उच्चशिक्षणातली विषमता म्हटली की आपण आधी आरक्षित जागा मोजतो. पण धाराशिवचा इतिहास बघा. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात विद्यापीठ एकच, १९१८ चं उस्मानिया. तेही दूर हैदराबादला, आणि शिकवणं उर्दूतून. मराठी घरातल्या मुलापुढे अंतर आणि भाषा हे दोन्ही अडथळे. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, १९८६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’, तुळजापुरात आली. अंतर कमी झालं.

मग अडथळे संपले का? फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘टिस’च्या मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी संप केला आणि तो तुळजापूरपर्यंत पोचला. मागणी होती, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची काढलेली शुल्कसवलत परत द्या. जागा आरक्षित होतीच; पण फी आधी भरायची आणि शिष्यवृत्ती मागाहून यायची. घरात तेवढी रक्कम नसेल, तर जागा कागदावरच राहते.

म्हणून संशोधनाला लागताना प्रवेशाच्या आकड्यापाशी थांबू नका. अर्ज, फी, वसतिगृह, पदवी यांपैकी नेमकं कुठे नाव गळतं, ते शोधा.