पहाटे दोन वाजताचे औषध

आमवाताच्या रोग्याला दुपारी चार वाजता भेटा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भेटा. दोन निराळी माणसे भेटल्यासारखे वाटेल. दुपारी सहज कपबशी धरणाऱ्या हाताची सकाळी मूठ वळत नाही. बोटे, मनगटे, घोटे जखडलेले असतात आणि तास-दोन तास गेल्यावर हळूहळू सुटतात. हा ताठरपणा किती मिनिटे टिकतो, हे डॉक्टर मुद्दाम विचारतात. वयोमानाने झिजलेला गुडघाही सकाळी आखडतो, पण तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. आपण दोन्हींना सरसकट 'संधिवात' म्हणतो, म्हणून येथे आमवात हा शब्द वापरला आहे. 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आजच्या रुमेटॉइड आर्थ्रायटिसशी ती कल्पना तंतोतंत जुळत नाही, पण मराठीत दुसरे सुटसुटीत नाव नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तो हा रोग.

हा काही शहरी रोग नव्हे. आष्टीच्या नैर्ऋत्येला, उजनीच्या पाण्यालगत भिगवण आहे. तेथे पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या कार्यक्रमातली ही पाहणी होती. तीत आमवाताचे प्रमाण साधारण दोनशे प्रौढांमागे एक असे निघाले. जगभरचा अनुभव असा की पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि तोही ऐन उमेदीच्या वयात. आष्टी, पाटोदा भागातून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. तिथे जिची बोटे आठ वाजेपर्यंत वळत नाहीत, तिला संध्याकाळी बरे वाटते याचा उपयोग काय? तोवर खाडा पडलेला असतो.

या रोगावरच्या स्टिरॉइडचा इतिहास अमेरिकेतील रोचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये सुरू होतो. १९२९ साली तेथील डॉ. फिलिप हेंच यांना एका रुग्णाने सांगितले, की कावीळ झाली आणि सांध्यांचे दुखणे पळाले. रुग्ण स्वतःच डॉक्टर होता, म्हणून त्याचे म्हणणे हसण्यावारी गेले नसावे. हेंच यांनी असे आणखी रुग्ण शोधले. गरोदरपणातही पुष्कळ स्त्रियांचा आमवात शमतो, हेही त्यांच्या नजरेस आले. म्हणजे रोग परतवता येतो, आणि परतवणारे काहीतरी शरीरातच तयार होत असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला.

त्याच संस्थेत रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून एकेक संयुग वेगळे करत होते. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउस राइखश्टाइन यांचेही तेच काम चालू होते. केंडॉल यांचे 'संयुग ई' हेंच यांना हवे होते. पण ग्रंथींतून ते इतके थोडे मिळे की माणसाला टोचण्याइतके साठवणेच अशक्य. अखेर मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी ते बनवले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या एका स्त्रीला पहिले इंजेक्शन दिले गेले. ती जेमतेम हालचाल करू शकत होती. काही दिवसांतच ती चालू लागली आणि बाजारात जाऊन खरेदी करून आली. हेच कॉर्टिझोन. १९५० सालचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना विभागून मिळाले. (जाता जाता: पुढे ग्लॅक्सो कंपनीने स्टिरॉइडसाठी पूर्व आफ्रिकेतल्या सिसलचा चोथा कच्चा माल म्हणून वापरला. सिसल म्हणजे घायपात, आपल्या बांधावर उभा असतो तोच.)

आनंद फार टिकला नाही. मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्यांचे चेहरे गोल सुजले, हाडे ठिसूळ झाली, रक्तातील साखर वाढली. औषध एकदम थांबवले की रोग उसळून येई. त्याहून वाईट म्हणजे बाहेरच्या पुरवठ्यामुळे सुस्तावलेली अधिवृक्क ग्रंथी ऐन गरजेच्या वेळी काम करीनाशी होई. १९५५ साली आलेले प्रेडनिसोन कमी मात्रेत चालत होते, पण मूळ पेच सुटला नाही. साहजिकच पुढची पुष्कळ वर्षे 'किती कमी द्यावे' याच प्रश्नात गेली. 'केव्हा द्यावे' हा प्रश्न मागे पडला.

वास्तविक त्याचे धागेदोरे हाती होते. मूत्रातील स्टिरॉइडांचे प्रमाण दिवसरात्र सारखे नसते, असे ग्रेगरी पिंकस यांनी १९४३ सालीच दाखवले होते. अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास रक्तात सर्वांत कमी असते, पहाटे दोन-तीनपासून चढू लागते आणि सकाळी आठच्या आसपास शिखर गाठते. मग १९६५ साली आढळले, की बाहेरून दिलेले स्टिरॉइड मध्यरात्री दिले तर ग्रंथीचे काम सर्वांत जास्त दबते आणि सकाळी दिले तर सर्वांत कमी. तेव्हापासून 'सकाळी न्याहारीनंतर एक गोळी' हा नियम घट्ट झाला. ग्रंथीच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच होता.

सांध्यांच्या दृष्टीने मात्र ती गोळी उशिरा पोहोचत होती. आमवातात दाह भडकवणारे इंटरल्यूकिन-६ सारखे रेणू रात्रीच्या उत्तरार्धात रक्तात वाढत जातात. शरीराचे कॉर्टिसॉल त्यांना आवरायला अपुरे पडते आणि माणूस उठतो तो जखडूनच. आठची गोळी म्हणजे गंज पेटून गेल्यावर आलेला पाण्याचा टँकर.

१९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी ही शंका सरळ तपासली. २६ रुग्णांपैकी निम्म्यांना प्रेडनिसोलोनची छोटी मात्रा पहाटे दोन वाजता दिली, उरलेल्यांना सकाळी साडेसातला. पहाटेच्या गटाचा ताठरपणा आणि वेदना ठळकपणे कमी झाल्या. इंटरल्यूकिन-६ देखील उतरले. प्रयोग इतका साधा आहे, की कॉर्टिझोननंतर जवळजवळ पन्नास वर्षे त्याची वाट पाहावी लागली याचे मला नवल वाटते.

पण रोज रात्री दोनला उठून औषध कोण घेणार? झोपताना साधी गोळी घेतली तर मध्यरात्रीच रक्तातील पातळी चढते, म्हणजे ग्रंथीला नको त्याच वेळी, आणि पहाटेपर्यंत ती उतरू लागते. तोडगा निघाला तो औषधशाळेत. विहिरीत सुरुंग उडवताना वात किती लांब ठेवायची याचा हिशेब असतो. वात जळेपर्यंत काहीच होत नाही, मग एकदम स्फोट. नव्या गोळीची रचना अशीच आहे. आत प्रेडनिसोन, भोवती औषध नसलेले कवच. रात्री दहाला, जेवणानंतर गोळी घ्यायची. कवचातून पाणी सावकाश झिरपते, सुमारे चार तासांनी कवच फुटते आणि औषध बाहेर पडते. दिवसभर थोडे थोडे झिरपणाऱ्या गोळीपेक्षा ही वेगळी, हे विद्यार्थ्यांना आलेख काढून चटकन समजते. गोळी तोडली किंवा चावली तर हे घड्याळच मोडते.

जर्मनी आणि पोलंडमध्ये २८८ रुग्णांवर बारा आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सकाळच्या साध्या गोळीने ताठरपणाचा काळ सरासरी २३ मिनिटांनी घटला, रात्रीच्या गोळीने ४४ मिनिटांनी. वेदना आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या यांत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. ग्रंथीचे काम जास्त दबल्याचेही पुढच्या तपासणीत दिसले नाही. २००९ साली युरोपात 'लोडोट्रा' आणि २०१२ साली अमेरिकेत 'रेयॉस' या नावांनी गोळी बाजारात आली, ती साध्या प्रेडनिसोनच्या कित्येक पट किमतीला. एकवीस मिनिटांसाठी एवढे मोल द्यावे का, हा वाद तेव्हापासून आहे. माझ्या मते हा फायदा खरा आहे, पण माफक.

आमवाताच्या उपचाराचा कणा आज मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत. ती परिणाम दाखवेपर्यंतच्या आठवड्यांत आधार म्हणून स्टिरॉइड थोडे आणि थोडाच काळ द्यावे, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्या खेड्यांत मात्र स्टिरॉइड पोहोचते ते बहुधा बिननावाच्या पुडीतून किंवा 'लगेच आराम' देणाऱ्या सुईतून. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. घेणाऱ्याला मात्रा माहीत नसते, वेळ तर नाहीच. अशी पुडी बरेच महिने चालू असेल, तर घाबरून ती एका दिवसात बंद करू नये. दबलेल्या ग्रंथीला जागे व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात. पुडी घेऊनच सरकारी दवाखान्यात जावे, काय आणि किती दिवस घेतले ते सांगावे आणि मात्रा त्यांच्या देखरेखीखाली उतरवावी.