नाताळच्या आधीचा महिना

डिसेंबरचा पहिला आठवडा. ऑफिसमध्ये ख्रिसमस ट्री लागलेलं, सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघालेल्या. मीही उत्साहाच्या भरात येताना एक कागदी चांदणी घेऊन आलो आणि रूमच्या खिडकीत टांगायला लागलो. रूममेट कॅथलिक आहे, अमरावतीचा. त्याला बरं वाटेल असा आपला हिशोब. तर हा पठ्ठ्या लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणतो, "टांग ना बे. पण नाताळ काही आला नाही अजून. आता आगमनकाळ सुरू आहे."

आगमन... काय?

मी तिवस्याचा. इंजिनिअरिंगची चार वर्षं अमरावतीत काढली. दिवाळीनंतर "नाताळची सुट्टी कधी" हा प्रश्न शाळेत दरवर्षी विचारला. पण नाताळच्या आधी एक अख्खा काळ असतो, त्याला नाव असतं, रंग असतो, नियम असतात, याचा पत्ताच नव्हता. मग काय, तो वीकेंड वाचण्यात गेला. आणि वाचता वाचता लक्षात आलं की ही गोष्ट नुसती चर्चची नाही, आपल्या भाषेचीही आहे.

आधी लॉजिक समजून घेऊ. २५ डिसेंबरच्या आधीचा रविवार पकडायचा (२५ तारीखच रविवारी आली तर त्याच्या आधीचा, ही एज केस विसरायची नाही) आणि तिथून तीन रविवार मागे जायचं. उत्तर कायम २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात येतं. म्हणजे आगमनकाळ कमीत कमी २२ दिवसांचा, जास्तीत जास्त २८. कॅथलिक चर्चचं वर्षही १ जानेवारीला नाही, याच रविवारी सुरू होतं. त्यांचा पाडवा म्हणा ना.

या दिवसांत फादरांचा झगा जांभळा. रविवारच्या मिस्सेत एरवी गायलं जाणारं ग्लोरिया हे स्तोत्र बंद. वेदीवर फुलांची आरास बेताची. चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र ठेवतात आणि दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत जातात. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग चालतो, कारण अर्धा रस्ता सरला, आता थोडा आनंद करायला हरकत नाही. बाकी लोक पापकबुली देतात, पोरं घरोघर कॅरल गात फिरतात, आणि शेवटच्या आठवड्यात गोठा उभा राहतो. गाय, गाढव, मेंढपाळ, मरिया, योसेफ सगळे जागेवर. गव्हाण मात्र रिकामी. बाळ त्यात ठेवायचं ते २४ तारखेच्या रात्रीच.

मला एकदम कौंडण्यपूर आठवलं. आमच्याच तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचं माहेर. तिथून पालखी पंढरपूरला निघते. वारकऱ्याला विचारा, एकादशी एका दिवसाची, पण वारी म्हणजे ती चाल. नाताळ ही एकादशी आणि आगमनकाळ ही वारी. मॉलवाल्यांनी वारी गाळली आणि एकादशी महिनाभर लांबवली, एवढंच.

यातल्या सगळ्याच गोष्टी काही हजारो वर्षं जुन्या नाहीत. ते मेणबत्त्यांचं चक्र मूळचं कॅथलिकसुद्धा नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखेर्न नावाचा लुथेरन पाद्री गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचा. "नाताळ कधी, नाताळ कधी" म्हणून मुलं डोकं खायला लागली, तेव्हा त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायची सोय केली असं सांगतात. कॅथलिक चर्चमध्ये ती प्रथा विसाव्या शतकात शिरली. गोठ्याची गोष्ट त्याहून बरीच जुनी. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा केला. खराखुरा बैल, खरंखुरं गवत. थोडक्यात, लांबच्या गोष्टीला आपल्या गोठ्यातलं रूप द्यायचं, ही युक्ती आठशे वर्षं जुनी आहे.

पण आपल्याकडे या गोष्टीला आपल्या भाषेचं रूप कधी मिळालं? खरी भानगड इथे आहे.

'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज आहे. पाद्री, मिस्सा, क्रूस हेही तिकडचेच. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, गोवा त्याच्याही आधीपासून. किनाऱ्यावर हे शब्द रुजले आणि पुढे घाट चढून वऱ्हाडापर्यंत आले. वऱ्हाडावर पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं, पण आमच्या शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत शब्द त्यांचाच.

त्याच किनाऱ्यावर एक अफाट गोष्ट घडली. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला ते छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. म्हणजे पहिलं पुराण हा एक लांबलचक आगमनकाळच झाला! चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी लोक ते वाचत.

एक मेख होती. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून पुस्तक छापलं रोमन लिपीत. (आपण एसेमेसवर मराठी टाइप करायचो तसंच.) १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. मग वारं फिरलं. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ख्रिस्तपुराण पुन्हा छापलं गेलं ते थेट १९०७ मध्ये, मंगळूरला, तेही रोमनमध्येच. देवनागरीत ते १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी आणलं. मराठी पुस्तकाला मराठी अक्षरं मिळायला ३४० वर्षं!

वऱ्हाडातल्या चर्चचा धागा मात्र वेगळा. इथे आले ते फ्रान्सच्या बाजूचे. १८३८ मध्ये पीटर मर्मिये यांनी आनसीला संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने एक संघ काढला. त्याचे फादर आधी विशाखापट्टणमच्या बाजूला आले, तिथून नागपूरकडे सरकले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, ८ मे १९५५ ला त्यातून अमरावती वेगळा निघाला. पहिले बिशप जोसेफ रोझारिओ १९९५ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षं होते. अमरावतीचं कॅथेड्रल संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं आहे आणि त्याचा सण ३ डिसेंबर, ऐन आगमनाच्या तोंडावर. जांभळ्यात मध्येच एक पांढरा दिवस.

१९५५ मध्येही मिस्सा मात्र लॅटिनमध्येच होती. प्रवचन, भजनं लोकांच्या भाषेत व्हायची, पण वेदीवरची प्रार्थना लॅटिन. अमरावतीचा माणूस, मेंढपाळांची गोष्ट, आणि मध्ये रोमची भाषा.

४ डिसेंबर १९६३ ला, आगमनकाळातच, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषा वापरायची वाट मोकळी केली. पुढच्याच आगमनकाळात, २ डिसेंबर १९६४ ला, पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतात आलेले हे पहिले पोप. ३ डिसेंबरला, झेवियरच्या सणाच्या दिवशी, इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली अंधारातून उजेडाकडे ने म्हणणारी प्रार्थना उद्धृत केली आणि ती आजच्या काळाचीही आहे असं सांगितलं. आगमनाचा विषयसुद्धा नेमका तोच! मिस्सेची नवी पद्धत अधिकृतपणे लागू झाली तोही ३० नोव्हेंबर १९६९, आगमनाचा पहिला रविवार.

१६१६ पासून मोजा. मराठीने साडेतीनशे वर्षं आगमनकाळ पाळला.

हे सगळं मी रूममेटला मोठ्या फुशारकीने ऐकवलं. तो म्हणाला, "आजोबाले विचार." नाताळला अमरावतीला त्याच्या घरी गेलो. आजोबा लहानपणी वेदीवर सेवा करायचे, लॅटिन उत्तरं तोंडपाठ. म्हटलं, "आजोबा, अर्थ कळायचा?"

"देवाले समजे. आमाले नाही समजे," ते हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "गोष्ट तं माहीत होतीच ना बाप्पा. पण पयल्यांदा वेदीवरून 'गव्हाण' आयकू आलं, तवा वाटलं, आता हे आपल्या घरी आलं."

२०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा "पाद्री कशाला" असे सूर निघाले होते. तेव्हा मीही त्यावर काही बोललो नव्हतो. बोलायला मला काही माहीतच नव्हतं.

त्या रात्री आम्ही मिस्सेला गेलो. गोठ्यात आमच्याकडे ढोरांपुढे टाकतात तसलंच कुटार अंथरलं होतं. गव्हाण अजून रिकामी होती. आजोबा काठी टेकत पुढे जाऊन बघून आले आणि शेजारी बसत मला म्हणाले, "थांब. येतेच आता."