पुढल्या वर्षीच्या संघात कोण? १९२० च्या यादीचा उलटा अंदाज

१/ कॅनडात डिसेंबर उजाडला की एकच चर्चा सुरू होते. २६ तारखेला आरंभ होणाऱ्या वीस वर्षांखालील आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेत आपल्या संघात कोण असेल? एक स्पर्धा संपते न संपते, तोच रसिक पुढल्या वर्षीची यादी मांडू लागतात. आपल्याकडे एकोणीस वर्षांखालील क्रिकेट संघाबद्दल हेच चालते. आज हा खेळ उलट्या दिशेने खेळू. १९१९ साली पुण्यात उभ्या असलेल्या माणसाला १९२० चा भारतीय ऑलिंपिक संघ आधी सांगता आला असता काय? #इतिहास #थ्रेड

२/ प्रथम पद्धत पाहू. कॅनडातील जाणकार केवळ कौशल्य पाहून यादी करीत नाही. ३१ डिसेंबरला कोणाचे वय वीसच्या आत राहते, हे तो आधी तपासतो. मग पाहतो की कोण व्यावसायिक संघात गेला आहे आणि त्याचा क्लब त्याला सोडील काय. सर्वोत्तम मुलगा यादीत नसू शकतो. कारण त्याचे दार दुसऱ्याच्या हाती असते.

३/ आता आपल्या मुलुखात येऊ. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, कल्याण–नगर रस्त्यावर, आळेफाट्याच्या पुढे बेल्हे हे बाजाराचे गाव आहे. सोमवारचा तेथील बैलबाजार प्रसिद्ध आहे. खोंड घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून चाल पाहतो. तो आजचा खोंड विकत घेत नसतो. पुढील आठ-दहा वर्षांचा बैल विकत घेत असतो. भाकीत म्हणतात ते हेच.

४/ याच जुन्नर–आंबेगाव पट्ट्यात यात्रेच्या घाटात बैलगाडे धावतात. तेथे सेकंद आणि त्याचे अंश मोजले जातात. बाजारात डोळ्याचे मत चालते, घाटात घड्याळाचे. परंतु बैल घाटापर्यंत पोहोचण्यास मालकाचा खुराक, वाहन आणि यादीत नोंदवलेले नाव लागते. म्हणजे कसोट्या चार झाल्या : डोळा, घड्याळ, खर्च आणि दार. या चार हाती घेऊन १९१९ च्या पुण्यात जाऊ.

५/ डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. केंब्रिजमध्ये शिकलेले, खेळांची मनापासून आवड असलेले हे उद्योगपती. जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात त्यांनी जे पाहिले, त्याने ते चकित झाले. धावणारे बहुतेक शेतकरी घरांतील तरुण होते. साधी भाकरी खाऊन, अनवाणी पायांनी, कोणत्याही प्रशिक्षणावाचून ते लांब अंतरे कापीत होते.

६/ चकित होण्यास दुसरेही कारण होते. शंभर यार्डांच्या शर्यतीस साधारण किती वेळ लागावा, असे जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारले असता त्यांनी अर्धा ते एक मिनिट असे उत्तर दिल्याचे सांगतात. येथे मिनिटाचा प्रश्न नसून सेकंदाच्या दशांशाचा आहे, हे कळल्यावर ते थक्क झाले. पाय होते, उत्साह होता; घड्याळाची भाषा मात्र अजून रुजायची होती.

७/ दोराबजींपाशी ती भाषा होती. लांब पल्ल्याच्या या अनवाणी धावकांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांजवळ येतात, हे त्यांच्या ध्यानी आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य त्यांनी मिळविले. १९२० च्या आरंभी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने अँटवर्पच्या स्पर्धेत भारतास सहभागी होण्याची मुभा दिली. दार उघडले. आता आत कोण जाणार?

८/ मित्रांनो, येथे थांबा आणि आपली यादी मनात करा. कोट्यवधींच्या देशातून केवळ सहा नावे निवडायची आहेत. लोकसंख्येच्या हिशेबाने गेलात तर बंगाल, मद्रास, संयुक्त प्रांत, पंजाब असे प्रांत वाटून द्याल. ताकदीच्या कीर्तीने गेलात तर लष्करी पलटणी आणि पंजाबचे आखाडे आठवतील. दोन्ही मार्गांनी अंदाज चुकेल.

९/ प्रत्यक्ष यादी अशी : पूर्मा बॅनर्जी (बंगाल), फडेप्पा चौगुले (बेळगाव), सदाशिव दातार (सातारा) आणि कैकाडी (हुबळी) हे चार धावपटू, कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे हे दोन मल्ल. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी. एप्रिल १९२० मध्ये डेक्कन जिमखान्यावर झालेल्या मेळाव्यातील कामगिरीवर निवड झाली होती.

१०/ आता नकाशा काढा. पुण्याहून दक्षिणेस जाणारा तत्कालीन लोहमार्ग सातारा रोड, मिरज, बेळगाव असा हुबळीकडे जातो; मिरजेहून कोल्हापूरला फाटा फुटतो. यादीतील सातारा, बेळगाव, हुबळी आणि कोल्हापूर ही चारही ठिकाणे या एकाच रुळाच्या आसऱ्याची आहेत. त्या दिशेस देशातील सर्वोत्तम पाय जन्मले होते, असे यावरून म्हणता येत नाही. निवडीचे मैदान पुण्यात होते आणि तेथवर पोहोचणे त्यांना शक्य होते, एवढे मात्र म्हणता येते.

११/ याचा अर्थ ते कमी प्रतीचे होते असा मुळीच नाही. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब होती. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकला. बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. अपुऱ्या साधनांच्या देशातून पहिल्याच वेळी गेलेल्या धावपटूची ही नोंद आहे.

१२/ दातार यांना ती मॅरेथॉन पूर्ण करता आली नाही. संघाचा ध्वज धरणारे बॅनर्जी १०० आणि ४०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्यांपुढे जाऊ शकले नाहीत. डोळ्याने निवडलेले आणि जगाच्या घड्याळापुढे उभे राहिलेले यांच्यातील अंतर तेथे उघड झाले. लांब पल्ल्यात ते कमी भासले. थोड्या अंतराच्या शर्यतीत, जेथे दशांशाचा हिशेब असतो, तेथे अधिक.

१३/ सर्वांत जवळ गेले ते रणधीर शिंदे. फेदरवेट फ्रीस्टाइल कुस्तीत त्यांनी ब्रिटनच्या इनमनला हरविले, उपांत्य कुस्ती अमेरिकेच्या गर्सनकडून गमावली आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत ब्रिटनच्या बर्नार्डकडून पराभूत होऊन ते चौथे आले. ती एक कुस्ती त्यांच्याकडे झुकली असती, तर कुस्तीतील पहिले भारतीय ऑलिंपिक पदक १९५२ ऐवजी १९२० सालीच कोल्हापुरास आले असते.

१४/ कुस्तीचा अंदाज वेगळ्या रीतीने बांधावा लागतो. तेथे घड्याळापेक्षा वस्तादाचा डोळा आणि आश्रयदात्याचा खर्च मोठा. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला. खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ साली सिद्ध झाले. धावपटूसाठी पुण्याचे मैदान जे करीत होते, ते मल्लासाठी कोल्हापूरचा दरबार करीत होता. मल्ल कोठून येईल, हे खुराक कोठे मिळतो यावरून सांगता येत होते.

१५/ मग दार हलले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी प्रांतोप्रांती चाचण्या झाल्या आणि अंतिम निवड दिल्लीत झाली. या कामात वाय.एम.सी.ए.च्या शारीरिक शिक्षण विभागाचा पुढाकार होता. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. यादीत आता पंजाब आणि मद्रास ठळक दिसू लागले. चार वर्षांत दक्षिण महाराष्ट्रातील पाय काही थकले नव्हते. निवडीचे मैदान मात्र दूर गेले होते.

१६/ दुसरे उदाहरण तुम्हांस ठाऊक आहे. परंतु ते निवडीच्या दृष्टीने पुन्हा पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासास साहाय्य केले होते. गादीवरील कुस्तीचा सराव नसताना मिळविलेले हे स्थान. १९५२ चा अंदाज करणाऱ्याने त्यांचे नाव पहिल्याच ओळीत लिहिले असते.

१७/ तरीही ते नाव गळण्याच्या बेतात होते. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना गुणांवर मागे टाकण्यात आले. हा निर्णय अन्यायाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी निरंजन दास यांना चीत केले. दाद मागण्याचे धैर्य आणि ती ऐकणारा माणूस यांपैकी एक जरी नसता, तरी यादी वेगळी निघाली असती.

१८/ दार उघडले, तरी खर्च उरलाच. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. राष्ट्रीय संघाच्या यादीत एक नाव टिकावे म्हणून एका शिक्षकाचे घर गहाण पडले, ही गोष्ट कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही.

१९/ २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. बत्तीस वर्षांपूर्वी शिंदे ज्या गटात, ज्या स्थानावर थांबले होते, नेमके तेथेच.

२०/ आता आपल्या चार कसोट्या लावून पाहा. १९२० मध्ये घड्याळ अपुरे होते, डोळा आणि दार दोराबजींचे होते. १९५२ मध्ये डोळ्याला शंका नव्हती. दार आणि खर्च आडवे आले. गुणवत्ता दोन्ही वेळी होती. यादी मात्र जी कसोटी सर्वांत दुबळी, तिच्या हाती गेली. म्हणून अंदाज बांधणाऱ्याने खेळाडूंआधी वाट कोठे अडते ते शोधावे.

२१/ जेथून आरंभ केला, त्या आइस हॉकीलाही हेच लागू पडते. भारताच्या महिला संघाने २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक मिळविले. या संघातील बहुतेक मुली लडाखच्या. कारण उघड आहे : नैसर्गिक बर्फ तेथे गोठतो आणि हिवाळ्यात गोठलेली तळी हेच त्यांचे मैदान. उद्याच्या यादीचा पहिला अंदाज तापमान पाहूनच करता येतो. दक्षिणेतील एखादे नाव त्या यादीत ठळक दिसले, तर तेथे कृत्रिम बर्फाचे मैदान वापरात आले, असे समजावे.

२२/ आणि बेल्ह्याची एखादी मुलगी? शालेय स्पर्धांत तिची वाट तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी जाते. गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील. प्रत्येक पायरीवर तेच चार प्रश्न. शाळेत पाहणारा शिक्षक आहे काय? वेळ अचूक घेतली जाते काय? पुण्यास जाण्या-येण्याचा खर्च कोण देतो? अर्ज वेळेवर कोण भरतो? यांची उत्तरे मिळाली, तर तिच्याविषयीचा अंदाज बराचसा बिनचूक निघेल.

२३/ इतिहासाच्या अभ्यासकास यात एक काम आहे. १९२० च्या सहा जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत. त्या मेळाव्यात त्यांच्या मागोमाग आलेल्यांची, किंवा पुण्यास येण्याचे भाडे नसल्याने न आलेल्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. आपल्या गावच्या यात्रेतील हगाम्याच्या जुन्या पत्रिका, शाळेच्या कपाटातील ढाली, तालमीच्या भिंतीवरील चौकटी पाहा. त्या पाहिल्या, तर अलीकडच्या पिढ्यांपुरती तरी न झालेल्या संघांची यादी हाती येईल.

२४/ तुमच्या गावात असे एखादे नाव असेल, तर साल आणि स्पर्धा यांसह उत्तरात लिहा. पुढील थ्रेड त्यांतूनच घडवू. #महाराष्ट्र #इतिहास