भूल उतरल्यानंतरची रात्र

भूलशास्त्राच्या इतिहासात निजामाच्या मुलखाचे नाव ठळक आहे. क्लोरोफॉर्म दिलेला रोगी टेबलावरच दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा तेव्हाचा मोठा वाद. त्याचा निकाल लावण्यासाठी रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग भरवले. दुसऱ्यासाठी निजाम महबूब अली खान यांनी १,००० पौंड दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला गेला, की आधी थांबतो तो श्वास. म्हणून लक्ष श्वासाकडे हवे. १९११ मध्ये लेव्ही यांनी हलक्या क्लोरोफॉर्मनेही हृदयाची लय बिघडते हे दाखवले आणि हैदराबादचा निष्कर्ष चुकीचा ठरला. तरी श्वास डोळ्यांत तेल घालून पाहण्याची शिस्त मोलाचीच होती. मला उणीव दिसते ती दुसरीकडे. प्रश्नच मुळी टेबलापुरता होता. रोगी उठेल का, एवढे विचारले गेले. उठल्यावर त्याची पहिली रात्र कशी जाईल, हे नाही. आपल्या ‘भूल’ या शब्दातही तीच सीमा आहे. भूल देतात, भूल उतरते, आणि ती उतरली की दुखणे ज्याचे त्याचे होते.

वेदना अडवायला माणसाला झोपवावे लागत नाही, हे तर आयोगाच्या आधीच कळले होते. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर केला. लगोलग न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेड यांनी नसेजवळ कोकेन टोचून त्या नसेच्या ताब्यातला सगळा भाग बधिर करून दाखवला. या प्रयोगांतच त्यांना कोकेनचे व्यसन जडले. १६ ऑगस्ट १८९८ रोजी कील येथे ऑगस्ट बिअर यांनी घोट्याला क्षय झालेल्या एका मजुराच्या पाठीच्या कण्यात कोकेन सोडले आणि तो जागा असताना पायाची शस्त्रक्रिया केली. त्याला कापल्याचे कळले नाही. दोनेक तासांनी मात्र पाठ आणि पाय दुखू लागले, उलटी झाली, डोके फुटायची वेळ आली. भूलशास्त्राच्या इतिहासात हा दिवस विजयाचा म्हणून सांगतात. माझ्या लेखी त्या दोन तासांनंतरचे वर्णन अधिक महत्त्वाचे. औषधाची मुदत संपताच वेदना परतली, म्हणजे कमी पडत होती ती मुदत. १९४३ मध्ये लिडोकेन आले, १९५७ मध्ये बुपिव्हाकेन तयार झाले. ही औषधे नसेतले सोडियमचे मार्ग बंद करतात, त्यामुळे वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मांडीतल्या फिमोरल किंवा मागच्या सायॅटिक नसेजवळ बुपिव्हाकेन सोडले, तर बारा तास, कधी त्याहून जास्त, आराम मिळतो. पहिली रात्र त्यात निघते.

यावर म्हटले जाते, की कष्टकरी माणूस सोसतो, आणि गोळ्या-इंजेक्शने आहेतच. सोसणे म्हणजे दुखणे नसणे नव्हे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जो वेदनेमुळे पाय हलवत नाही, त्याचा सांधा आखडतो. अफूच्या जातीची औषधे श्वास मंदावतात, म्हणजे हैदराबादची जुनी चिंता दुसऱ्या दाराने आत येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नस बधिर केली की मांडीचे बळ जाते, आणि उठायला गेलेला रोगी पडतो. नडगी मोडलेल्या पायात आतला दाब वाढत असेल, तर वेदना हीच धोक्याची घंटा असते आणि ती दबू शकते. बुपिव्हाकेन रक्तात गेले तर हृदय बंद पडू शकते, याकडे १९७९ मध्ये अल्ब्राइट यांनी लक्ष वेधले. हे सगळे खरे आहे, आणि त्याची उत्तरेही शोधली गेली. मांडीच्या मध्यावर ॲडक्टर कॅनालमध्ये ब्लॉक (नस बधिर करणारे इंजेक्शन) दिला की बळ बरेचसे टिकते; जोखमीच्या अस्थिभंगात औषध सौम्य ठेवून पाय वारंवार तपासतात, नाहीतर ब्लॉक टाळतात; १९९८ मध्ये वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवले, की शिरेतून दिलेले स्निग्ध द्रावण या विषबाधेवर उतारा ठरू शकते, आणि आज ते माणसांत वापरले जाते. धोका आहे म्हणून ब्लॉकच नको, असे यातून निघत नाही. ब्लॉकनंतर जागणारे कोणीतरी हवे, एवढे निघते.

नस डोळ्यांना दिसावी म्हणून आता सोनोग्राफी वापरतात. सुई आणि औषध नेमके कुठे जाते ते पडद्यावर कळते. आपल्याकडे हे यंत्र गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्याखाली येते, म्हणून पायाच्या नसेसाठी वापरायचे असले तरी त्याची नोंदणी लागते आणि ते मनाला येईल तिथे हलवता येत नाही. मुली वाचवणारा तो कायदा हवाच, त्यात मला शंका नाही. पण लहान गावात एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाऊन भूल देणाऱ्या डॉक्टरला यंत्र सोबत नेणे त्यामुळे अवघड होते, आणि रोग्याच्या वाट्याला पुन्हा कण्यातले इंजेक्शन आणि त्याचे मोजके तास येतात.