खुब्याचा सांधा आणि धातूची धूळ

मांडीच्या हाडाचा माथा चेंडूसारखा वाटोळा असून तो कमरेच्या हाडांतील वाटीसारख्या खोबणींत फिरतो. दोहोंवरील कूर्चेचें आवरण झिजलें, कीं हाडावर हाड घासूं लागतें आणि एक पाऊल टाकणेंहि यातनेचें होतें. चेंडू व वाटी दोन्ही धातूचींच करावीं, ही कल्पना १९३८ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य फिलिप वाइल्स यांनीं पोलाद वापरून अमलांत आणली. पुढें नॉर्विच येथील जॉर्ज मकी यांनीं कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा सांधा रूढ केला.

जॉन चार्न्ली यांस तो मान्य नव्हता. धातूवर धातूचें घर्षण फार, आणि त्या ओढीनें वाटी सैल होते, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं चेंडू लहान करून वाटी प्लास्टिकची घेतली. परंतु प्रथम निवडलेलें टेफ्लॉन थोड्याच वर्षांत झिजलें. त्याची भुकटी शरीरास कितपत बाधते हें पाहण्यासाठीं या गृहस्थांनीं ती स्वतःच्याच मांडींत घालून घेतली! १९६२ मध्यें त्यांना पॉलिएथिलीन हें टिकाऊ प्लास्टिक लाभलें आणि मकींचा सांधा हळूहळू मागें पडला. मृत्यूनंतर तपासणीसाठीं सांधा परत मिळावा, अशी विनंतीहि चार्न्ली आपल्या रुग्णांस करीत.

तथापि प्लास्टिकचीहि धूळ होतेच, आणि तिच्यामुळें भोवतालचें हाड पोखरलें जातें. इकडे मकींचे कांहीं सांधे वीस वीस वर्षें फारसे न झिजतां चाललेले आढळले. साहजिकच १९८८ नंतर धातूचा सांधा, विशेषतः तरुण रुग्णांसाठीं, पुन्हां पुढें आला. झीज तोलून पाहतां खरोखरच अल्प होती. मात्र तिचे कण अतिसूक्ष्म व संख्येनें अगणित. कित्येकांच्या रक्तांत कोबाल्ट व क्रोमियम उतरे आणि सांध्याभोवतींचे स्नायू नासत.

हा दोष उघड झाला तो नोंदवह्यांमुळें. ऑस्ट्रेलियांत १९९९ पासून कृत्रिम सांध्यांची नोंद ठेवण्यांत येऊं लागली होती. २००३ मध्यें निघालेला ए.एस.आर. नांवाचा धातूचा सांधा वारंवार बदलावा लागतो, असें तींत दिसलें. डिसेंबर २००९ मध्यें तो तेथून व ऑगस्ट २०१० मध्यें जगभरांतून मागें घेण्यांत आला. तोंवर सुमारें ९३,००० लोकांच्या शरीरांत तो बसला होता. भारतांतहि सुमारें ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. येथें नोंदीची सक्ती नव्हती. २०१८ मध्यें भरपाईचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हां त्यांतील बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना.