दहाव्या गड्याचा तिरकमठा

तिकोणा पेठेच्या डोक्यावरचा गड 1665च्या पुरंदर तहात मोगलांकडे गेलेल्या 23 किल्ल्यांच्या यादीत आहे. यादी किल्ल्यांची आहे. शिबंदीच्या हत्यारांचा तिच्यात उल्लेख नाही. मावळातल्या पायदळाकडे तेव्हा काय होते, याचा माग इतर कागदांतून काढावा लागतो.

सर्वांत नेमका मजकूर ग्रँट डफच्या 1826च्या इतिहासात सापडतो. तो म्हणतो, मावळे आणि कोकणातले हेटकरी हत्यारे घरची आणीत, सरकार फक्त दारूगोळी पुरवी. तलवार, ढाल आणि तोड्याची बंदूक ही नेहमीची हत्यारे. सावंतवाडीकडच्या काही हेटकऱ्यांकडे गारेची बंदूकही होती. तिची गारेची कळ पोर्तुगिजांकडून आलेली. आणि दर दहावा गडी बंदुकीऐवजी तिरकमठा बाळगी, रात्रीच्या छाप्यासाठी. कारण उघड आहे. तोडा पेटता ठेवावा लागतो, अंधारात त्याचा निखारा लांबून दिसतो. बार झाला की सारा गड जागा.

पण डफ लिहितो दीडशे वर्षांनी. त्याला जुना साक्षीदार हवा.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर 1697ची. तिच्यात पायदळाची सर्वांत लहान तुकडी दहांची, तिच्यावर नाईक. डफचा ‘दहावा’ म्हणजे हा नाईकच का? असे म्हणण्याचा मोह होतो, आधार मात्र नाही. तिरकमठ्याला आधार आहे, पण तो शत्रूच्या बाजूचा. कोंढाण्यावर मराठ्यांनी छापा घातला तेव्हा (1670) हिलाल (मशाली) व चंद्रज्योती पेटवून आलेल्या मोगल किल्लेदार उदेभानाच्या लोकांत सभासद तिरंदाज आणि बरचीवाले सांगतो. त्याच्याच बखरीत पुरंदरावर मराठा किल्लेदार मुरारबाजी पडतो तोही मोगल सरदार दिलेरखानाच्या तिरानेच. म्हणजे धनुष्य अजून अडगळीत गेले नव्हते, एवढे निश्चित. मावळ्यांच्या हाती ते किती होते, हा भाग डफच्या भरवशाचा.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र (सुमारे 1715) दारूची निगा बारकाईने सांगते: दारूखाना घरांपासून दूर, दारू तळघरात माचावर, आठ-पंधरा दिवसांनी बाण-होके (दारूचे अग्निबाण व हातगोळे) बाहेर काढून ऊन द्यायचे आणि पुन्हा मोहोर करायची. सरकारची जबाबदारी दारूची, बंदूक शिपायाची, हे डफचे म्हणणे याच्याशी जुळते. जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे; तरी माझा कौल डफकडे.

  

पुढे मावळात गारेची बंदूक आणि संगीन मोठ्या संख्येने दिसली ती जानेवारी 1779मध्ये, इंग्रज कंपनीची फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली तेव्हा. ती फौज वडगावला कोंडली गेली, तहावर सुटली. तिला कोंडणाऱ्यांतले महादजी शिंदे यांनी पाच वर्षांनी, 1784मध्ये, युरोपीय सेनानी द बॉयनला चाकरीत घेतले. पुढे आग्र्याच्या कारखान्यात तशा बंदुका तयार होऊ लागल्या. त्या खांद्यावर घेणाऱ्या पलटणींत भरणा मात्र बहुतांशी उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा होता.